आल्फ्रेडचं नाव

बर्मिंगहॅमच्या अख्ख्या मराठी मंडळीत जुन्या लष्करी रायफलींमधलं कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! साधी बंदूक नाही हं, रिपीटर! पोटात दहा-बारा काडतुसं भरायची आणि एकामागून एक झाडायची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा माल. माझ्याकडच्यांची काडतुसं आता कुणी बनवत नाही, त्यामुळे शोभेला भिंतीवर टांगायला कायद्याची हरकत नव्हती. हरकत होती ती माझ्या बायकोची, अनुराधाची.

"लोकांच्या भिंतीवर निसर्गचित्रं असतात. आपल्याकडे पाहुणा सोफ्यावर बसला की हात वर करतो!"

१९९१च्या उन्हाळ्यात शेजारच्या मिस्टर पाइकनी मला त्यांच्या घरची रायफल आणून दिली. सत्तरीचे एकटे गृहस्थ. रायफल स्विस बनावटीची, त्यांच्या आजोबांनी लिलावात घेतलेली.

"माझ्यामागे कुणी नाही, डॉक्टर. तुम्ही नीट सांभाळाल."

सांभाळणार म्हणजे काय! दुसऱ्याच दिवशी मी सँडपेपर घेऊन शेडमध्ये बसलो. लाकडी दस्त्यावर नुसते ओरखडे, जणू मांजरांची मारामारी झाली होती. घासून घासून असा गुळगुळीत केला की नुकत्याच मुंज झालेल्या बटूचं डोकं!

शुक्रवारी पाइकांचा फोन आला. "रविवारी चहाला येऊ का? आल्फचं नाव एकदा पाहावंसं वाटतंय."

"कुठलं नाव?"

"दस्त्यावरचं. माझा धाकटा भाऊ आल्फ्रेड. नऊ वर्षांचा असताना खिळ्यानं कोरलं होतं त्यानं. पुढे युद्धात गेला. त्याच्या हातचं तेवढंच उरलंय."

म्हणजे ते ओरखडे!

"अहो, आत्ताच्या आत्ता जा आणि खरं सांगून टाका," अनुराधा म्हणाली.

"वेडी आहेस का? म्हातारा जागच्या जागी कोसळेल! मी नाव परत कोरतो. माझा हात बघ, जरा तरी कापतोय का?"

शनिवारी दुपारी मी ऑपरेशनच्या स्कॅल्पेलनं 'आल्फ्रेड' कोरलं. झकास! फक्त जरा जास्तच झकास. कालच कोरल्यासारखं दिसत होतं, कारण कालच कशाला, आजच कोरलं होतं! जुनं दिसावं म्हणून त्यावर चहाचं कढत पाणी चोळलं. गडबडीत डबा चुकला आणि अनुराधाचा मसाल्याचा चहा पडला. मग बुटाचं पॉलिश. मग वास जावा म्हणून परत चहा.

रविवारी पाइक आले. टाय लावून आले होते. रायफल मांडीवर घेतली, नाक जवळ नेलं.

"वेलची?"

"आमच्या घरात सगळ्यालाच तो वास येतो हो!" मी म्हणालो. अनुराधा खिडकीबाहेर बघत राहिली.

त्यांनी नावावरून बोट फिरवलं. परत फिरवलं.

"सुंदर अक्षर आहे," ते हळूच म्हणाले. "पण आल्फला स्पेलिंग येत नसे. त्यानं 'आल्फर्ड' कोरलं होतं. वडिलांनी त्याला दोनदा मारलं. एकदा रायफल खराब केली म्हणून, आणि एकदा स्वतःचं नाव चुकवलं म्हणून."

मग मी सगळं सांगितलं. माफी मागितली. म्हटलं, मला वाटलं नुसते ओरखडेच आहेत.

"ओरखडेच होते ते," पाइक म्हणाले.

चहा तसाच राहिला. रायफल घेऊन जाऊ का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी मान डोलावली. अनुराधानं ती जुन्या चादरीत गुंडाळून दिली. लहान मूल घ्यावं तशी छातीशी धरून ते दारापर्यंत गेले आणि थांबले.

"डॉक्टर, हॉस्पिटलमध्ये तुम्ही नेमकं काय करता?"

"भूल देतो. अॅनेस्थेटिस्ट आहे मी."

"बरं आहे. कापायचं काम दुसऱ्या कुणाकडे आहे तर."

मी मोठ्यानं हसलो. पाइक हसले नाहीत.