नवसाचं शेवटचं अंडं

लॉटरी लागल्यावर माणसानं काय करावं, हे थवीला कुणी शिकवायची गरजच नव्हती. गेली तीस वर्षं मुईताईच्या कॉफीच्या दुकानात बसून अख्ख्या गावाला तोच तर शिकवत होता! समोर दोन अर्धवट उकडलेली अंडी, त्यावर चार थेंब सॉस, हातात चमचा, आणि मग प्रवचन सुरू. "हे बघा, पहिलं म्हणजे तोंड बंद ठेवायचं. दुसरं, अंगातला शर्ट बदलायचा नाही. आणि तिसरं, पुन्हा तोंड बंद ठेवायचं!"

"पण तुला लागलीय कधी?" त्याचा जिवलग मित्र कसेम दर वेळी विचारायचा.

"लागेल तेव्हा बघशील. नाही, बघणारच नाहीस! कळलं तर बघशील ना!"

या शहाणपणामागे एक धास्ती होती. आठ वर्षांपूर्वी गावातल्या न्हाव्याला दुसरं बक्षीस लागलं आणि त्या वेड्यानं ते ढोल वाजवून सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्याला तीन नवे मावसभाऊ फुटले. ते एक वेळ चाललं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून कुणी त्याची टिंगलच करेना! त्याच्या टकलावर वर्षानुवर्षं चाललेले विनोद एकदम बंद. जो तो आपला "साहेब, बसा" आणि "साहेब, पंखा लावू का?" बिचारा वर्षभर एकटाच कॉफी प्यायला आणि शेवटी गाव सोडून गेला. थवी जन्मभर लोकांचे पंखे आणि भाताचे कुकर दुरुस्त करत आलेला. त्याला दिवसातून चार वेळा कुणी गाढव म्हटलं नाही, तर जेवण जात नसे. पैसा हवाच होता हो, पण ते "साहेब" नको होतं.

आणि मग सोळा तारखेला, मुईताईच्या दुकानातल्या टीव्हीवर, थवीच्या खिशातल्या तिकिटाचे सहाच्या सहा आकडे एकामागोमाग एक आले. थायलंडच्या सरकारी लॉटरीचं पहिलं बक्षीस! साठ लाख बात!

थवीनं काय करावं? तो शांतपणे म्हणाला, "नाही लागली." मग दुसरं अंडं तसंच टाकून उठला आणि घरी आला. घरी बायकोला, रंपायला, कानात सांगितलं, आणि दोघं पंखा मोठा करून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसून हसले.

हसून झाल्यावर रंपाय म्हणाली, "अहो, आणि नवस?"

थवीच्या हातातली उशी खाली पडली. नवस! कालव्याकाठच्या ताकियनच्या झाडाला रंगीत कापडं गुंडाळलेली, पायथ्याशी पावडरचे डबे आणि रेशमी कपडे वाहिलेले. त्या झाडात एक आई, म्हणजे देवी, राहते असं गाव मानायचं; तिच्या बुंध्यावर पावडर चोळूनच तर त्याला लॉटरीचे आकडे दिसले होते. तेव्हा तो भरात येऊन बोलून गेला होता, "आई, लागली तर सात दिवसांत, सूर्य मावळायच्या आत, नऊशे नव्याण्णव उकडलेली अंडी वाहीन!"

"नऊ अंडी म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?" रंपायनं कपाळावर हात मारला.

"तेव्हा फुकट होतं गं!"

नवस चुकवायची तर सोयच नव्हती. पलीकडच्या गावात एकानं एक हार कमी वाहिला, तर आठवड्यात त्याची नवीकोरी गाडी कालव्यात गेली होती. पण नऊशे नव्याण्णव अंडी गुपचूप वाहायची कशी? या गावात झाडाखाली अंड्यांचा ढीग दिसला, की शेंबड्या पोरालाही कळतं कुणाचं नशीब उघडलं ते! विचार करण्यात पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी थवी उरायच्या अंड्यांच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"तेहेतीस ट्रे दे. आणि वर नऊ सुटी."

"अगंबाई! एवढी?" उरायनं चष्मा वर केला. "आणि नऊ सुटी कशाला?"

"ते... नऊ माणसं ऐनवेळी वाढली."

"कसली माणसं? कुठे?"

थवीला घाम फुटला. एवढी अंडी फक्त एकाच ठिकाणी लागतात. "मयताच्या जेवणाला!" तो बोलून गेला. "अंड्यांचा रस्सा करायचाय."

"कोण गेलं रे?"

आता काय सांगायचं? थवीची नजर सैरावैरा पळाली आणि कालव्यापलीकडच्या एका बंद खिडकीवर जाऊन थांबली. घर सत्त्याऐंशी वर्षांच्या लमाय आजीचं. आजी चार दिवसांपूर्वी बहिणीकडे गेली होती. परगावी! आठवडाभर काही येत नाही!

"लमाय आजी," थवी हळूच म्हणाला. "बहिणीकडे गेलेली असतानाच. उद्या संध्याकाळी आणतायत."

उराय मटकन खालीच बसली. मग डोळे पुसत उठली आणि गावातल्या प्रत्येक दुकानातून अंडी मागवून घेतली. मुईताईनं तर न्याहारीसाठी ठेवलेली अंडीसुद्धा पाठवून दिली. गावात एक अंडं शिल्लक राहिलं नाही, पण नऊशे नव्याण्णव बरोबर भरली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या सातव्या दिवशी, नवरा-बायकोनं पहाटेच चूल पेटवली. दारंखिडक्या बंद, पाच पातेली रटरटतायत, घरात भट्टी लागलेली. बेत असा होता, की दुपारी सगळे झोपले की हातगाडीवर ताडपत्री टाकून अंडी झाडाखाली न्यायची. कुणाच्या बापाला पत्ता लागणार नाही!

आठ वाजता दार वाजलं. दारात सुऱ्या आणि पाट घेतलेल्या अकरा बायका.

"थवीदादा, अंडी सोलायला आलोय."

त्यांच्यामागून, दुपारपर्यंत, मंडप आला. देवळातून दीडशे खुर्च्या आल्या, माईक आला, शवपेटीसाठी लाकडी चौथरा आला. भिक्षूंना निरोप गेला होता, ते संध्याकाळी मंत्र म्हणायला येणार होते. आणि सगळ्यात शेवटी कसेम आला, डोळे लालभडक सुजलेले. मग थवीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा! कसेमची आई लहानपणीच गेली होती. त्याला लहानाचं मोठं लमाय आजीनंच केलं होतं!

कसेमनं त्याला मिठी मारली. "थव्या, तू माणूस नाहीस रे, देव आहेस! आजीच्या बहिणीनं मला कळवलंसुद्धा नाही आणि तू सगळं जेवण अंगावर घेतलंस!"

थवीला रडू कोसळलं. खरंखुरं. लोकांना वाटलं आजीसाठी.

"सांगून टाका हो," रंपाय कानाशी पुटपुटली. "मला बघवत नाही त्याच्याकडे."

"सांगतो. आत्ता सांगतो." थवी म्हणाला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, पाय लटपटत होते. त्यानं आत जाऊन थोडा धीर गोळा केला, तोंड पुसलं, बाहेर येऊन कसेमचा हात धरला आणि म्हणाला, "कसेम, आजी..."

"कुणाकडे मंडप घातलाय रे?"

कालव्याच्या धक्क्याला होडी लागली होती आणि तिच्यातून, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात फणसाचे गरे घेऊन, लमाय आजी उतरत होती!

दोन बायका किंचाळल्या. मंडपवाला खांब सोडून पळाला. कसेम मात्र लहान पोरासारखा धावत गेला आणि आजीच्या पायाशी बसून हमसाहमशी रडायला लागला.

"मेलं कोण, ते तरी सांगा!" आजी वैतागली.

"तूच," उराय म्हणाली. "थवीनं सांगितलं."

पुढची दहा मिनिटं थवी मंडपाभोवती पळत होता आणि सत्त्याऐंशी वर्षांची आजी छत्री उगारून त्याच्यामागे होती. चार फटके बसल्यावर तो ओरडला, "आजी, नवसाची अंडी होती! नवस होता! आज सूर्य मावळायच्या आत वाहायचीत!"

"कसला नवस?"

"असाच... बारीकसा."

कसेमनं नाक पुसलं आणि थवीकडे एकदा नीट पाहिलं. मग तो म्हणाला, "नवस तो नवस. चला, उचला पातेली."

सोललेली, न सोललेली, सगळी अंडी गावानं झाडाखाली नेली. बायकांनी केळीच्या पानांवर मांडून मोजली. नऊशे अठ्ठ्याण्णव! पुन्हा मोजली. तेवढीच! तिसऱ्यांदा मोजेपर्यंत साडेपाच वाजले.

"एक गेलं कुठे?"

सगळ्यांची नजर हळूहळू थवीवर गेली. रंपायची नजर त्याच्या मिशीवर गेली. तिथे पिवळा बलक वाळून चिकटला होता. मघाशी धीर गोळा करायला आत गेला होता ना, तो धीर हा!

"अहो, काय केलंत हे!"

"पाय लटपटत होते गं!"

सूर्य मावळायला अर्धा तास. शहर पाऊण तासावर. गावात औषधालासुद्धा अंडं नाही. थवी मातीत फतकल मारून बसला. डोळ्यांसमोर साठ लाख कालव्यात बुडत होते.

"माझ्या कोंबडीनं आज घातलेलं नाही," लमाय आजी शांतपणे म्हणाली. "फणस ठेवायला घरी गेले, तेव्हा टोपलीत बसली होती."

सगळं गाव आजीच्या अंगणात धावलं. कोंबडी टोपलीत बसली होती. समोर शंभर माणसं उकिडवी बसली. कोंबडीनं सगळ्यांकडे एकेका डोळ्यानं पाहिलं आणि पिसं फुगवली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अंड्याचा पत्ता नाही. थवीनं कोंबडीला हात जोडले.

"जिथे खोटं बोललं जातं, तिथे माझी कोंबडी अंडं घालत नाही," आजी म्हणाली. "थव्या, मला जिवंतपणी मारलंस. या पोराला रडवलंस. आता खरं काय ते बोल."

थवीनं कसेमकडे पाहिलं. आता संपलं सगळं. उद्यापासून "साहेब, बसा." उद्यापासून कॉफी एकट्यानं. पण कसेमचे सुजलेले डोळे बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो उठला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "मला पहिलं बक्षीस लागलंय! साठ लाख! मी तुम्हा सगळ्यांपासून लपवलं! आजी, कसेम, मला माफ करा!"

टोपलीत कोंबडीनं दचकून पंख झटकले.

"ते माहितेय रे गाढवा!" कसेम दबक्या आवाजात खेकसला. "हळू बोल, कोंबडी बिचकेल!"

थवी उभाच्या उभा गार. "माहितेय?"

"तीस वर्षं झाली, लॉटरी लागली नाही, की तू टीव्हीला आईबहिणीवरून शिव्या देतोस. त्या दिवशी 'नाही लागली' म्हणून अंडं टाकून उठलास! मुईताईनं तेव्हाच ओळखलं. आम्ही म्हटलं, सांगेल सवडीनं. काल वाटलं, लागल्यावर पहिला खर्च आजीवर करतोय, केवढं मोठं मन! आता कळलं, केवढा मोठा मूर्ख. बस खाली!"

तीस वर्षांत थवीला इतकं गोड काही ऐकायला मिळालं नव्हतं. तो खाली बसला आणि मोठ्यानं रडला. नेमकी तेव्हाच कोंबडी उठली, मान वर करून ओरडली, आणि टोपलीत ते पांढरंशुभ्र, ऊन ऊन अंडं! सगळ्या गावानं आधी घड्याळं पाहिली. पाच सत्तेचाळीस! पुढच्या लॉटरीसाठी आकडे लिहून घ्यायला पंधरा जणांनी खिशातून पेनं काढली.

"अंडं उकडा आधी!" रंपाय किंचाळली.

मंडपातल्या शेगडीवर अंडं उकडलं. रंपाय ते ओल्या फडक्यात धरून धावली आणि सूर्याची शेवटची कड दिसत असताना ते ढिगाच्या टोकावर बसलं. मंडप उभाच होता, खुर्च्या मांडलेल्याच होत्या, भिक्षूही येऊन पोचले होते. मग त्यांनी मेलेल्या माणसाऐवजी जिवंत आजीलाच आशीर्वाद दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी थवी तोच जुना शर्ट घालून भीतभीत मुईताईच्या दुकानात शिरला. कुणी उठलं नाही. कुणी "साहेब" म्हणालं नाही. कसेमनं पायानंच एक स्टूल त्याच्याकडे ढकललं. थवीचा जीव भांड्यात पडला. मग त्यानं जन्मात पहिल्यांदा हात वर करून ऐटीत फर्मान सोडलं, "मुईताई! आज सगळ्यांना माझ्याकडून कॉफी आणि दोन-दोन अंडी!"

"कॉफी देते," मुईताई कपबशा विसळता विसळता म्हणाली. "अंडी नाहीत. कुणा गाढवानं गावातली सगळी उकडून झाडाला घातलीत."