दुखलं तर हात वर करा

शनिवारी सकाळी न्याहारीच्या टेबलावर लाइलने ठरवलं, की आज सासऱ्यांच्या जबड्याचं माप घ्यायचं. ठरवलं म्हणजे मनात ठरवलं. ते तोंडाबाहेर यायला आणखी पावणेदोन तास लागले.

एरवी हे कुठल्या जावयाच्या डोक्यात येणारं काम नव्हे. पण लाइल पुरता कात्रीत सापडला होता. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दातांच्या डॉक्टरच्या हाताखाली काम करायचं, तर आधी शिकाऊ म्हणून राहायचं आणि मुदतीच्या आत एकेक कागद गोळा करायचा. त्या कागदांची यादी फ्रिजवर लोहचुंबकाने चिकटवलेली होती. शाळा पुरी केल्याचा दाखला (लाइलने अकरावीतच शाळा सोडून डुकरांच्या फार्मवर नोकरी धरली होती, दाखला पुढे बाहेरून परीक्षा देऊन मिळवला, गणितात तिसऱ्या खेपेला). जीव वाचवण्याचा कोर्स (रबरी बाहुल्याची छाती दाबताना त्याने दोनदा त्याची माफी मागितली होती). जंतूंची परीक्षा, एक्स-रेची परीक्षा, कायद्याची परीक्षा. सगळ्यांवर खुणा झाल्या होत्या. राहिली होती फक्त डॉक्टर व्हँडरप्लुगबाईंची सही. बाईंची अट साधी होती. एका जिवंत माणसाच्या जबड्याचं एक धड माप घेऊन दाखव, सही करते.

मुदत येत्या शुक्रवारी संपत होती. सही नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर परत डुकरं.

घोडं पेंड खात होतं ते लाइलच्या लाजण्यात. मापाची पावडर पाण्यात कालवली की दोन मिनिटांत घट्ट होते. तेवढ्यात "मोठा आ करा" म्हणायचं आणि तो लगदा भरलेला ट्रे तोंडात बसवायचा. लाइल "मोठा आ करा" इतक्या हळू म्हणायचा, की पेशंट म्हणायचे, "काय म्हणालात?" मग तो आणखी हळू म्हणायचा. तोवर भांड्यातला लगदा रबर होऊन बसलेला. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी बाईंनी त्याच्या हातात प्लास्टिकचा जबडा ठेवला आणि शनिवार-रविवार यावर हात बसव म्हणून सांगितलं. प्लास्टिकच्या जबड्याशी त्याचं छान जमलं. पण तो जबडा लाळ गाळत नव्हता की टक लावून बघत नव्हता. म्हणून लाइलने दवाखान्यातून थोडी पावडर, थोडं प्लास्टर आणि एक ट्रे पिशवीत घालून घरी आणला होता.

घर सासऱ्यांचं. लाइल आणि त्याची बायको जोलीन दोन वर्षं त्याच्या तळघरात राहत होती. सासरे ऑर्विल टेग्टमायर म्हणजे ॲश क्रीक गावचे लिलाववाले. चाळीस वर्षं त्यांनी ट्रॅक्टर, गाईगुरं आणि मेलेल्यांची कपाटं विकली होती. माणसाचा आवाज तीन शेतं ओलांडून जायचा. आज दुपारी चारला चर्चच्या छपराच्या खर्चासाठी पायचा, म्हणजे आत फळं भरून भाजतात त्या गोड पदार्थाचा, लिलाव होता आणि हातोडा अर्थातच त्यांच्या हाती.

"चालेल की," लाइलने एकदाचं विचारलं तेव्हा ऑर्विल म्हणाले. त्या मुलखात कुणी तोंडावर नाही म्हणत नाही.

माप घेण्याआधीचा पहिला नियम लाइलला तोंडपाठ होता. पेशंटला विचारायचं, काढता येण्यासारखे दात आहेत का? पण ज्याच्या घरचं मीठ खातो त्याला, तुमचे दात तुमचेच का, असं विचारायचं कसं? शिवाय ते दात हसऱ्या फोटोत हमरस्त्यावरच्या फलकावर होते. लिलावाच्या प्रत्येक जाहिरातीवर होते. लाइलने तो नियम मनातल्या मनात ओलांडला आणि दुसरा नियम मात्र चोख पाळला.

"दुखलं तर हात वर करा," तो म्हणाला.

ऑर्विलनी मान हलवली. ट्रे आत गेला. दोन मिनिटं झाली, तीन झाली. ऑर्विलच्या डोळ्यांतून पाणी आलं, गुडघे वर आले, एक चप्पल उडून शेगडीपाशी गेली. हात मात्र खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट. हात खाली आहेत म्हणजे ठीकच असणार, अशा धीराने लाइलने ट्रे ओढला. मोठा फटकन आवाज झाला. ऑर्विलनी ओठ मिटले, उठले आणि न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली.

लाइलचं तिकडे लक्षच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला जिवंत माणसाचं माप जमलं होतं. एक बुडबुडा नाही, कडेपर्यंत स्वच्छ. मधला गुलाबी भाग तर असा चकाकत होता, की त्याला स्वतःच्याच हाताचं कौतुक वाटलं. (पावडरही गुलाबीच होती.) पुस्तकात लिहिलं होतं, की माप सुकलं तर आक्रसतं, लगेच प्लास्टर ओता. तो तळघरात गेला आणि त्याने लगेच प्लास्टर ओतलं.

तासाभराने सासूबाई, व्हर्नेल, जिना उतरून आल्या.

"लाइल, तुला ऑर्विलची एखादी वस्तू कुठे दिसली का रे?"

"कसली वस्तू?"

"छोटीशीच. तो वापरतो ती."

"चष्मा?"

"नाही. जेवताना वापरतो."

"चमचा?"

सासूबाईंनी भिंतीकडे पाहिलं. "आणि बोलताना," त्या म्हणाल्या.

लाइलने टेबलावरच्या प्लास्टरकडे पाहिलं. ते दगडासारखं घट्ट झालं होतं.

मग ऑर्विल स्वतः खाली आले. एक हात तोंडावर, दुसऱ्यात लिलावाचा लाकडी हातोडा. लाइलने रबराचा ठसा अलगद सोडवून बाजूला ठेवला. खाली प्लास्टरमध्ये पुढच्या चार दातांची कवळी पुरलेली होती. तिसऱ्या घावाला ती मोकळी झाली. दोन दात इकडे, दोन तिकडे.

"बाबांचे दात खोटे आहेत हे मला आज कळतंय," जोलीन जिन्यावरून म्हणाली, "तेही प्लास्टरमध्ये."

"पण तुम्ही हात का नाही वर केला?" लाइलने विचारलं. हे त्याने खरंच मोठ्याने विचारलं.

ऑर्विलनी तोंडावरचा हात काढला नाही. त्या हाताआडूनच म्हणाले, "पोरा, चाळीस वर्षं लिलाव करतोय मी. जे घ्यायचं नाही त्याला हात वर करायचा नसतो. माल गळ्यात पडतो."

चार वाजता चर्चच्या तळघरात शंभर माणसं, सव्वीस पाय आणि पहिल्या रांगेत व्हँडरप्लुगबाई. ऑर्विल मंचावर चढले, ओठ मिटून सगळ्यांकडे बघून मान लववली आणि हातोडा जावयाच्या हातात दिला.

लाइलने पहिला पाय उचलला. चेरीचा होता. त्याने तो विकला असावा, कारण त्याचे ओठ हलत होते. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डेलमारने ओरडून विचारलं, "ऑर्विलला काय झालंय?"

खोटं बोलायला निदान तोंड तरी नीट उघडता यावं लागतं. लाइलला तेही जमत नसे. त्याने सगळं सांगितलं. यादी सांगितली, पावडर सांगितली, कवळी सांगितली. एकोणतीस वर्षं नवराबायकोने जपलेलं गुपित शंभर माणसांनी ऐकलं, आणि हात वर केला की माल गळ्यात पडतो, हे सासऱ्यांचं शेवटचं वाक्य तर मागच्या रांगेपर्यंत अगदी स्पष्ट पोचलं. कुणी हसलं नाही. त्या मुलखात चर्चमध्ये हसत नाहीत, गाडीत बसल्यावर हसतात.

लिलाव संपल्यावर बाईंनी एवढंच विचारलं, "ठसा ठेवलायस?"

लाइलने घरून आणून दिला. बाईंनी तो खिडकीपाशी धरून बराच वेळ फिरवून पाहिला. वर्षभरात तू घेतलेलं हे सर्वांत चांगलं माप आहे, असं त्या म्हणाल्या. यावर सही करता येणार नाही, असंही म्हणाल्या. डॉक्टर हजर नसताना घरी कुणाच्या तोंडात हात घालायचा नाही, हे कायद्याच्या परीक्षेत होतं. "त्यात तुला शंभरपैकी किती पडले होते?"

"शंभर," लाइल म्हणाला.

मंगळवार गेला, बुधवार गेला. लाइलने फार्मवर फोन करून जागा आहे का विचारलं. जागा होती. तिथे जागा कायमच असते.

गुरुवारी सकाळी दवाखान्याचं दार उघडलं आणि ऑर्विल आत आले. कुणी बोलावलं नव्हतं. बाईंनी सांधून दिलेली कवळी तोंडात होती. खुर्चीवर बसले, कवळी आपल्या हाताने काढली आणि लाइलच्या पुढ्यातल्या ताटलीत ठेवली.

"ही घे," ते म्हणाले. "आता शोधायला नको. आणि काय म्हणायचं ते जरा मोठ्याने म्हण. मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे."

"मोठा आ करा," लाइल म्हणाला. बाहेर रस्त्यावर कुणाचं तरी कुत्रं भुंकलं.

बाईंनी सही केली. शुक्रवारी नोंदणीचा अर्ज गेला, आणि पुढे यथावकाश राज्याचा कागद आला. जोलीनने यादी काढून तो फ्रिजवर लावला. (सासूबाईंनी त्यावर लगेच वाणसामानाची चिठ्ठी लावली.)

त्यानंतरच्या सोमवारी लाइल नवा निळा कोट घालून, शिकाऊपणाचा बिल्ला काढून वेटिंग रूमच्या दारात उभा राहिला. समोर नऊ जण बसले होते. सगळे लिलावाला आलेले. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "पुढचा नंबर कुणाचा? हात वर करा."

नऊ जणांनी अठरा हात मांड्यांखाली घेतले.

मग सासऱ्यांकडून तेवढंच शिकला होता म्हणून, त्याने पुन्हा विचारलं. एक वार. दोन वार.