बिबट्याच्या पोटातला बिल्ला

"विम्याचा कायदा आख्ख्या आंबेगाव तालुक्यात दोघांनाच कळतो. एक मी, आणि दुसरा अजून जन्माला यायचाय." घोडेगावच्या कोर्टासमोरच्या टपरीवर चहा पिता पिता अ‍ॅडव्होकेट भगवंतराव हिंगे हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी टाकत. त्यात तसं खोटं काही नव्हतं. बाकीचे वकील बांधाच्या भांडणांत आणि वाटण्यांत गळ्यापर्यंत बुडालेले, विम्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. भगवंतरावांकडे सवडच सवड होती.

त्यांचा सगळा व्यवसाय जनावरांच्या विम्यावर चालायचा. म्हशीचा विमा उतरवला की कंपनीचा माणूस येऊन तिच्या कानात नंबराचा पितळी बिल्ला ठोकतो, आणि म्हैस मेली की तोच बिल्ला कानासकट कंपनीला दाखवायचा. 'बिल्ला नाही तर क्लेम नाही' हे वाक्य तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. आणि २००२ सालच्या उन्हाळ्यात डिंभ्याच्या सारजाबाई त्यांच्याकडे आल्या, त्या याच वाक्याला अडखळून.

सारजाबाईंची दुभती म्हैस कॅनॉलच्या कडेला बिबट्यानं मारली होती. वनखात्याचा पंचनामा झाला होता. कंपनी म्हणत होती, ते सगळं ठीक, पण बिल्ला कुठाय?

"बिल्ला कुठाय?" भगवंतरावांनीही तेच विचारलं.

"त्याचं काय झालं साहेब," सारजाबाई कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सावरत म्हणाल्या, "म्हशीचा कान..."

"बिबट्यानं खाल्ला!" भगवंतराव खुर्चीतून उठलेच. "कान खाल्ला, म्हणजे कानातला बिल्लाही खाल्ला. सारजाबाई, तुमचा बिल्ला बिबट्याच्या पोटात आहे!"

सारजाबाईंनी पुन्हा तोंड उघडलं. भगवंतरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. अशिलाचं बोलणं पूर्ण ऐकून घेणं हा वेळेचा अपव्यय आहे, असं त्यांचं पंधरा वर्षांच्या वकिलीतून झालेलं मत होतं. त्यांच्या डोक्यात तेव्हा वीज चमकली होती. ज्या संकटाचा विमा उतरवला, त्या संकटानंच पुरावा गिळला, तर कंपनी पुरावा मागू शकते का? असा प्रश्न आजवर कुठल्याही कोर्टात कुणी विचारलेला नव्हता.

केस ग्राहक मंचात दाखल झाली आणि तारखांवर तारखा पडू लागल्या. भगवंतरावांनी मधल्या वेळात या प्रश्नावर बावीस पानांचा इंग्रजी निबंध लिहिला आणि विमा-कायदेतज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय संघाकडे पाठवला. निबंधाचं नाव होतं 'बिबट्याच्या पोटातला बिल्ला'. दोन महिन्यांनी उत्तर आलं. संघाची परिषद पुण्यात भरणार होती आणि त्यात निबंध वाचायला भगवंतरावांना बोलावलं होतं. निबंध पसंत पडला तर संघाचं सभासदत्वही मिळणार होतं. तालुक्याच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि भगवंतरावांनी ते टपरीवर रोज घडवलं.

"सारजाबाई, तुमची म्हैस आता जगभर जाणार," ते म्हणाले.

"मेल्यावं," सारजाबाई म्हणाल्या. "पर क्लेमचं काय साहेब? आठ म्हैनं झालं. घरात च्याला दूध न्हाई."

"जग आपल्या बाजूला आलं की कंपनी कुठं जाते?"

परिषद दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी नुसतं ऐकायचं होतं. पुण्याच्या त्या मोठ्या हॉटेलात शिरताच भगवंतरावांच्या कोटाला एक निळा चकचकीत बिल्ला लावण्यात आला. त्यावर त्यांचं नाव इंग्रजीत छापलं होतं आणि खाली 'वक्ता' अशा अर्थाचा शब्द होता. तो काढायचं त्यांच्या जिवावर आलं. संध्याकाळी एसटीनं घोडेगावला परतताना तो कोटावरच होता. कंडक्टरनं त्यांना खात्याचा तपासनीस समजून सगळ्या गाडीची तिकिटं दोनदा तपासली. घरी आल्यावर बायकोनं, आरतीनं, कोट धुळीनं माखलाय म्हणून काढायला लावला, आणि बिल्ला कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं भगवंतराव पुण्याला गेले ते निबंध घेऊन, चष्मा घेऊन, खोकल्याच्या गोळ्या घेऊन. बिल्ला खिळ्यालाच राहिला.

"बिल्ल्याशिवाय आत जाता येणार नाही," हॉटेलच्या दारावरचा रखवालदार म्हणाला.

"अहो, काल मीच आत होतो."

"काल बिल्ला असंल."

आयुष्यभर जे वाक्य कंपन्यांनी त्यांच्या अशिलांना ऐकवलं, ते आज त्यांच्याच वाट्याला आलं होतं. घाबरून त्यांनी कोपऱ्यावरचा फोन गाठला. घरचा फोन पंधरा दिवस मुका होता आणि आरती शाळेवर शिकवायला गेलेली. म्हणून त्यांनी ऑफिसखालच्या वजीरभाईच्या एसटीडी बूथला फोन लावला.

"वजीरभाई, मी हिंगे वकील. आमच्या कुशाबाला सांगा, बिल्ला राहिला. दुपारच्या आत बिल्ला पाठव म्हणावं. बिल्ल्याशिवाय मला इथं आत घेत..."

इथे नेमकी लाइन खरखरली आणि तुटली. पुन्हा लावला तर लागेचना.

ते हताश होऊन परत आले तर दारात संघाच्या कामाला असलेली प्राची नावाची मुलगी उभी होती. तिनं यादी बघितली, एका कागदावर त्यांचं नाव लिहिलं आणि टाचणीनं कोटाला लावून दिलं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. भगवंतरावांना इतकं हायसं वाटलं की आपण घोडेगावला फोन केला होता, हे ते साफ विसरले.

घोडेगावात मात्र कुणी विसरलं नव्हतं. तिथं काय झालं हे भगवंतरावांना नंतर कळलं, तेव्हा कळून उपयोग नव्हता.

वजीरभाई जिना चढून वर आले. ऑफिसात भगवंतरावांचे जुने कारकून कुशाबा होते, आणि पायरीवर सारजाबाई तारीख विचारायला आलेल्या.

"कुशाबा, वकीलसाब लई घाबरलेले वाटले," वजीरभाई म्हणाले. "बोलले, बिल्ला पाठवा. बिल्ला न्हाय आला तर त्यांना आत घेतात."

"आत घेत्यात?" कुशाबांच्या हातातली फाइल पडली. "म्हंजी अटक?"

"आता त्ये मी कसं सांगू? फोन बी मधीच कट झाला. कुणी तरी हातातनं घेतला असंल."

कुशाबा मटकन बसले. "तरी मी म्हनत व्हतो. बिबट्याच्या पोटात बिल्ला हाये म्हनून लिवून दिलं. कुनी बघितलंय बिबट्याच्या पोटात? कंपनीवाल्यांनी खोटा क्लेम म्हनून धरलं जनू."

"माज्या म्हशीपायी?" सारजाबाई उठून उभ्या राहिल्या. "आन् बिल्ला दावला तर सोडतील?"

"सोडतील. पर बिल्ला आनायचा कुठनं?"

"तुमी निस्तं गाडीत बसा," सारजाबाई पदर खोचत म्हणाल्या. "बाकी मी बघते."

दुपारी तीन वाजता भगवंतराव व्यासपीठावर उभे होते आणि त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अर्धा तास अगदी रंगात आला होता. समोर सोळा देशांचे कायदेतज्ज्ञ. पहिल्या रांगेत डेन्मार्कचे पांढऱ्या दाढीचे प्राध्यापक झपाझप लिहून घेत होते. त्यांच्या शेजारी सारजाबाईंच्याच केसमधले कंपनीचे वकील दीक्षित जांभई दाबत बसले होते. भगवंतराव शेवटच्या पानावर आले.

"सज्जनहो," ते इंग्रजीत म्हणाले, "तो बिल्ला या जगात आता कुणीही सादर करू शकत नाही. ना माझी अशील, ना मी, ना हा कायदा."

दार धाडकन उघडलं.

"वकीलसाहेबांना सोडा," सारजाबाई दारातून म्हणाल्या. "बिल्ला माज्यापाशी हाये."

त्यांना आत कसं सोडलं, हा प्रश्न पुढे बराच काळ भगवंतरावांना छळत होता. उत्तर साधं होतं. रखवालदारानं बिल्ला दाखवा म्हटलं आणि सारजाबाईंनी किल्ल्यांच्या जुडग्यातून तो काढून दाखवला. पितळी, नंबर कोरलेला, वर विमा कंपनीचं नाव. इतका वजनदार बिल्ला रखवालदारानं दोन दिवसांत पाहिला नव्हता. त्यानं सलाम ठोकून दार उघडलं. कुशाबांकडे काहीच नव्हतं, म्हणून ते बाहेर राहिले.

सारजाबाई सरळ व्यासपीठापर्यंत चालत आल्या आणि जुडगा भगवंतरावांच्या बावीस पानांवर ठेवला. किल्ल्यांच्या मधोमध बिल्ला होता. गेले आठ महिने दर तारखेला तो त्यांच्या ऑफिसात येऊन, त्यांच्या समोरच्या बाकावर बसून, परत डिंभ्याला जात होता.

"तुमाला कुणी धरलं न्हाई ना साहेब?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला कोण धरणार?" भगवंतराव म्हणाले. त्यांना काहीच कळेनासं झालं होतं. "सारजाबाई, हा बिल्ला बिबट्याच्या पोटात होता."

"न्हाई साहेब, हितं कमरंला व्हता."

दीक्षित जागे झाले होते. ते पुढे आले, चष्मा लावून नंबर वाचला आणि म्हणाले, "नंबर आमचाच आहे. पण बाई, हा कानातून निघाला कसा?"

"म्हशीचा कान पिकला व्हता. गुरांच्या डॉक्टरनीच काडला. ही त्यांची चिठ्ठी." सारजाबाईंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "नवा ठोकायला मानूस येनार व्हता. त्याच्या आदी बिबट्या आला."

"मग हे आठ महिने सांगितलं का नाही?"

"सांगाया लागले व्हते की. तुमच्या कंपनीचा कागद आला तवा तडक वकीलसाहेबांकडं ग्येले, तर त्ये म्हनले, बिल्ला बिबट्याच्या पोटात हाये. म्या म्हनलं, शिकलेला मानूस हाये, त्यानला म्हाईत असंल."

सोळा देश एकमेकांकडे बघू लागले. प्राची घाईघाईनं भाषांतर करत होती, पण तिलाही कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. डेन्मार्कच्या प्राध्यापकांना एवढंच समजलं की बिल्ला बिबट्याच्या पोटात होता आणि आता तो या बाईंच्या हातात आहे. ते आदरानं उभे राहिले आणि त्यांनी प्राचीमार्फत विचारलं, बिबट्या आता कुठे आहे?

"कॅनॉललाच असतोय की," सारजाबाई म्हणाल्या. "परवा बी दिसला. ब्येस हाये."

प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला आणि ते खाली बसले.

दीक्षितांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "हिंगेसाहेब, आमचं म्हणणं एवढंच होतं की बिल्ला नाही. बिल्ला आहे, डॉक्टरांची चिठ्ठी आहे, पंचनामा आहे. विषय मिटला. सोमवारी मंचात लिहून देतो, क्लेम मंजूर."

"थांबा," भगवंतराव कळवळून म्हणाले. "मंजूर करू नका. एवढ्यात तरी करू नका. इथं कायद्याचा मूलभूत प्रश्न उभा आहे."

"आता कुठं उभा आहे?" दीक्षित म्हणाले.

सारजाबाईंनी भगवंतरावांकडे पाहिलं. "साहेब," त्या म्हणाल्या, "ही म्हस माजी व्हती ना?"

भगवंतरावांना याचं उत्तर माहीत होतं, आणि त्यांना स्वतःची खरोखर लाज वाटली. त्यांनी बावीस पानं गोळा केली, वरचा जुडगा सारजाबाईंच्या हातात दिला आणि खाली उतरले. अध्यक्षांनी जाहीर केलं की मूळ प्रश्नच उरला नसल्यामुळे निबंध मागे घेतल्याचं समजावं आणि सर्वांनी चहाला जावं.

परतीच्या एसटीत तिघं एकाच बाकावर बसले. कुशाबा राजगुरुनगर येईपर्यंत वकीलसाहेब सुटल्याबद्दल देवाचे आभार मानत होते, आणि भगवंतरावांनी त्यांना अडवलं नाही.

क्लेम महिन्याभरात मिळाला. संघाचं पत्र दिवाळीत आलं, सभासदत्वाचा विचार पुढे कधी तरी करू म्हणून. सोबत संघाची पत्रिका होती. तिच्यात भगवंतरावांचं नाव कुठंच नव्हतं, पण डेन्मार्कच्या प्राध्यापकांनी दोन पानांचं टिपण लिहिलं होतं, की भारतातल्या शेतकरी स्त्रिया जिवंत बिबट्याच्या पोटातून पुरावा बाहेर काढतात आणि बिबट्याला इजाही होऊ देत नाहीत. टपरीवरचं ते विम्याचं वाक्य मात्र भगवंतरावांनी बंद केलं. आणि अशील बोलायला लागलं की शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

संक्रांतीच्या सुमाराला सारजाबाई ऑफिसात आल्या. हातात खरवसाचा डबा होता आणि चेहरा फुलला होता.

"नवी म्हस व्याली साहेब. घरात आता दूधच दूध हाये."

"विमा उतरवलात ना?" भगवंतरावांनी डबा उघडत विचारलं, आणि मनाशी ठरवल्याप्रमाणे गप्प राहून उत्तराची वाट बघू लागले.

"तर! पयल्यांदा त्येच काम क्येलं. मानूस आला आन् कानात बिल्ला बी ठोकून गेला." सारजाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि एक नवा कोरा पितळी बिल्ला टेबलावर ठेवला. "त्यो गेल्यावर मी काडून आनला. मागल्या टायमाला लई कामाला आला. ह्यो आता तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

भगवंतरावांनी तोंडातला खरवस कसाबसा गिळला. बिल्ला उचलून त्यांनी उलटसुलट करून पाहिला; या वेळी सोबत डॉक्टरांची चिठ्ठीही नव्हती.

"सारजाबाई," ते म्हणाले, "ही म्हैस तेवढी जिवापाड जपा. मला पुण्यात तोंड दाखवायला जागा नाही."