चूळ भर, जीभ काढ

अख्ख्या जुळे सोलापुरात माझ्यासारखी तब्येत कुणाची न्हाय. फक्त माझ्याच रिक्षात चालवायला चढताना दोन्ही हातांनी दांडा धरावा लागायचा.

हे पयलं बघितलं सिद्रामप्पांनी. आमच्याच गल्लीत एकटे राहतात. जन्मभर मोडनिंबला एका दवाखान्यात कंपाउंडर हुते. त्यांना नमस्कार केला की म्हणतात, "जीभ काढ." मग पापणी ओढतात, नखं दाबतात, आन काय कमी हाय ते सांगतात. लोह, नायतर बी-बारा, नायतर ऊन. सुई-गोळी देत न्हाईत. चिठ्ठीवर 'रक्त तपासा' लिहून डॉक्टरकडं पिटाळतात.

एकदा माझी जीभ लालभडक बघून घाबरलेच. म्या पान खाल्लं हुतं. तवापासनं त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली असती, आन आधी हुकूम सुटतो, "चूळ भर."

माझ्या पुतणीच्या लग्नात अप्पा आहेर द्यायला स्टेजवर गेले आन नवरीचीच पापणी ओढली. फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो काढला. वहिनीनं शिव्या मला घातल्या, पत्रिका म्या दिली हुती की. पुढं तपासलं तर पोरीचं लोह कमीच निघालं. आता सणाला वहिनी अप्पांना पोळी पाठवती. मला न्हाय.

तर एका सकाळी मी चहा पिऊन रिक्षाकडं आलो. अप्पा माझ्या पायाकडं बघत हुते.

"उजवी चप्पल कुटं हाय?"

बघतो तर पाय उघडा. चप्पल मागं चहाच्या गाड्यापाशी पडलेली. निघाली कवा, कळलंच न्हाय. म्या म्हटलं, अप्पा, तिला पण माझा कट्टाळा आला असंल. ते हसले न्हाईत. मुंग्या येतात का इचारलं. येतात की, म्हटलं, दिवसभर बसून कुणाला येणार न्हाईत?

"ब्रेक कुठल्या पायानं मारतोस?"

म्या उघड्या उजव्या पायाकडं बघितलं. रिक्षात रोज शाळेची सहा पोरं असतात. अप्पांनी किल्ली काढून खिशात घातली आन मला चालवत दवाखान्यात नेलं.

रक्त दिऊन बाकड्यावर बसलो, तवा ते आपल्या बायकोचं बोलले. "गंगव्वाची पण चप्पल अशीच निघायची. मी चिडायचो, लक्ष कुटं असतंय तुझं. गावाच्या जिभा बघितल्या रे. तिला एकदा पण म्हटलं न्हाय, जीभ काढ." मग ती जिन्यावरनं पडली. पडली ती उठलीच न्हाय.

मला जन्मात पयल्यांदा इनोद सुचला न्हाय.

माझं बी-बारा पार तळाला गेलेलं. चहा आन शेंगाचटणी-भाकरीवर पैलवान झालो हुतो मी. सुया झाल्या, मुंग्या गेल्या. डॉक्टरनं चालव म्हटलं तरी अप्पा किल्ली देईनात. रोज सकाळी तोल बघायला मला पाय जुळवून, डोळे मिटून उभं करायचे. पयल्या दिवशी मी त्यांच्या तुळशीत पडलो. न डुलता उभा राहिलो, तवा किल्ली हातात आली.

म्या त्यांच्या पिशवीतली बाटली काढून त्यांच्याच हातात दिली. "अप्पा, चूळ भरा. तुमची जीभ कोण बघतं?"

वाटलं, रागावतील. त्यांनी गुमान चूळ भरली आन लहान पोरासारखी जीभ काढली. किती तरी वेळ आत घेईनात.

म्या डॉक्टरसारखी मान हलवली. म्हटलं, ऊन कमी हाय. घरात एकटं बसू नका, रोज पोरांना सोडून आलो की माझ्या रिक्षात चक्कर मारायची.

अप्पा मागं चढून बसले, पिशवी मांडीवर घेतली.

"ऊन जिभंवर दिसत न्हाय, येड्या. तू रिक्षाच चालव."