साळोजीची वही आणि रखूबाईचं कपाट

मार्गशीर्ष वद्य तृतीया, मंगळवार. पहाटे धुकं, नऊनंतर स्वच्छ ऊन.

एका जंगलात, बाळांनो, त्या दिवशी साळोजी साळिंदर तीन कॉम्प्युटरांपुढे वही उघडून बसला होता. एक टेबलावरचा, आजोबांच्या वयाचा. एक मांडीवरचा लॅपटॉप. एक पाटीसारखा टॅब. तिघांपैकी एकालाही घरचं वायफाय लागत नव्हतं.

दुपारी चार वाजता डोंगरापलीकडे त्याच्या लेकीच्या, तानीच्या, बाळाचं बारसं होतं. नातवाचं नाव कानांनी ऐकायचं, एवढीच साळोजीची इच्छा.

आता वायफायचा डबा कुठे होता, ते ऐका. साळोजीच्या बायकोने, रखूबाईने, त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, विणलेलं झाकण घातलं होतं आणि लोखंडी कपाटात साड्यांवर ठेवून कुलूप लावलं होतं. वायरीसाठी कपाटाला मागून भोक पाडलं होतं.

"घरात उंदरांची ये-जा," ती म्हणायची. "मोलाची वस्तू बाहेर ठेवतं का कुणी?"

हसू नका. साळोजीला हे कळलं नव्हतं.

त्याने हुप्पेराव माकडाला बोलावलं. हुप्पेराव जाणकार होता, कारण तो उंचावर राहायचा.

"साळोजीराव, यांची कुळंच वेगळी," तिन्ही यंत्रं हुंगून तो म्हणाला. "एका पंगतीला बसायचे नाहीत."

"मग काय करू?"

"बंद करा, चालू करा. मी निघतो. केळ्यांचा घड दिसतोय तो कुणाचा?"

घड गेला. वायफाय आलं नाही.

साळोजी मात्र चिकाटीचा. मागच्या महिन्यापासून त्याच्या वहीत नोंदी होत्या. त्याने पहिल्यापासून वाचल्या. शनिवारी हळदीकुंकू, रखूने साडी बदलून जांभळी नेसली, तिन्ही यंत्रं लागली. गुरुवारी लग्न, हिरवी साडी, तिन्ही लागली. साडी नाही, तेव्हा एकही नाही.

"रखू!" तो ओरडला. "सापडलं! तू साडी बदललीस की वायफाय येतं!"

"अगबाई! माझ्यात एवढी शक्ती?"

"वहीत आहे. किती साड्या आहेत?"

"अंगावरची सोडून नऊ. त्यातल्या चारांना तुमच्या काट्यांनी भोकं पाडलीत."

"भोकं चालतील."

चार वाजले. रखूबाईने कपाट उघडलं. तिन्ही पडद्यांवर तानी हसली. रखूबाई साडी नेसली, जुनी साडी दोरीवर टाकली, कपाटाला कुलूप लावून पडद्यापुढे आली. चित्र गोठलं.

"दुसरी नेस!" साळोजी म्हणाला.

ती गेली. पाळणा हलला. ती आली. पाळणा थांबला.

"अहो, मला काहीच दिसत नाहीये!"

"मी सांगतो ना नंतर. निळी घे!"

नववी साडी नेसून होत आली, तेव्हा आत्या बाळाच्या कानाशी वाकली. सगळ्यांनी श्वास रोखला. रखूबाईने कपाटात पाहिलं. आत एकही साडी उरली नव्हती.

"आता हा डबाच काय तो राहिला," ती म्हणाली. "नीट सांभाळायला हवा." आणि तिने दोनदा किल्ली फिरवली.

बारसं चाळीस मिनिटं चाललं. साळोजीला अठरा मिनिटं दिसलं, रखूबाईला शून्य. नाव ऐकू आलं नाही.

तात्पर्य: नोंदी नेहमी काटेकोर ठेवाव्यात. म्हणजे पुढच्या बारशाला किती साड्या कमी पडतील, ते आधीच समजतं.