नानांची पातेली

नाळीची भाजी देण्याआधी सखाराम नाना तिच्या देठात फुंकर मारून दाखवतात. देठ आतून पोकळ असतो. हवा पलीकडून आपल्या तळहाताला लागली, की नाना मान डोलावतात, "बगा बाई, आतून सुदिक साफ हाय!" आणि तोच देठ परत जुडीत खोचतात.

नाना माझे शेजारी. पाटाचं पाणी सोडण्यात जन्म गेला, आता घरात एकटेच. ही भाजी ओढ्यानाल्यात उगवते म्हणून आमच्या कोल्हारात लोक नाक मुरडतात. त्यामुळे प्रवरा नदी हाकेवर असूनही नाना ती मोडक्या कूलरच्या टाकीत लावतात. कुणी काही बोललं, की गरजतात, "आदी पानी बगा, मंग बोला!" टाकीचं पाणी एक दिवसाआड बदलतात. स्वतःचा माठ इतक्या वेळा घासत नसतील.

दर गुरुवारी सकाळी स्टीलच्या पातेलीत जुडी घेऊन नाना दारात हजर. मला शाळेची घाई, त्यात तो फुंकलेला देठ! खरं सांगते, जुडी सरळ परसातल्या शेळीपुढे जायची. संध्याकाळी नाना पातेली न्यायला येत. रिकामं भांडं देऊ नये म्हणून मी तीत चिमूटभर साखर घालायचे. नाना घाईनं झाकण उघडून आत वाकत आणि "बरं" म्हणून निघत. पोचा पडलाय का बघतात, असं मला वाटायचं. मी नवऱ्याला त्यांची नक्कलही करून दाखवायचे.

गेल्या गुरुवारी झाकण उघडून त्यांनी विचारलं, "कशी झाल्ती भाजी?"

"झकास!" मी ठोकून दिलं.

नाना पायरीवर टेकले. "आमची ही लसून लाल करून टाकायची, वरून दान्याचा कूट. मला पिठल्याबिगर काय येत न्हाई. चार घरी भाजी देतो. वाटतं, कुनीतरी वाटीभर शिजवल्याली पातेलीत घालून दील. पन मागायचं कसं?" मग हळूच म्हणाले, "आजची उरलीय का, बाई?"

परसात शेळी रवंथ करत होती.

"संपली, नाना." शरमेनं माझी मान वर होईना.

नानांचा चेहरा उजळला. "संपनारच! लई चवदार, उरतीय कशाची?" साखर तोंडात टाकून ते टाकीकडे गेले आणि दुप्पट जुडी कापून आणली. एक देठ काढून फुंकर मारली. मी निमूट तळहात पुढे केला.

पातेली मात्र या वेळी मी ठेवून घेतली, भरून परत द्यायला.