पिकल्या कापडाची बेबीबाई

अंगावरचा सदरा माणूस घालून उभा असतानाच मागून ठेवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या शेजारची बेबीबाई. तिच्यावर लिहा, असं मला अनेकांनी सुचवलं, आणि दर वेळी मी गुडघेदुखीचं निमित्त पुढे केलं. गुडघ्यांनी कोणी लिहीत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही, हे माझं नशीब. खरं कारण निराळं होतं. बेबीबाईचं सगळं सांगायचं म्हटलं की शेवटी माझंही सांगावं लागतं. ते मी बरीच वर्षं टाळत आलो. आता वय झालं. आता टाळण्यात काही राहिलं नाही.

नाव बेबी, वय सत्तरीच्या पुढचं. आईबापांनी नाव ठेवताना पोरगी म्हातारी होईल हा विचारच केला नव्हता. ढिवराच्या घरातली. नवरा चामोर्शीच्या तलावावर मासे धरायचा, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. दोन खोल्यांचं घर, आणि त्या दोन्ही खोल्यांत लोकांच्या जुन्या कपड्यांची गाठोडी. कारण बेबीबाई गोधड्या शिवायची, आणि गोधडीसाठी कापड विकत घेणं हा तिच्या मते गुन्हा होता.

एकदा झेंडावंदनाला गावात नवीन आलेले इंजिनिअरसाहेब कडक इस्त्रीत उभे होते. राष्ट्रगीत संपलं, आणि बेबीबाईनं मागून येऊन त्यांची बाही चिमटीत धरली.

"हा सदरा कधी सोडता जी?"

"काय?"

"सदरा, सदरा. केव्हा सोडता?"

"अहो बाई, दिवाळीला घेतलाय!"

"हाव, दिसते ना. कच्चा हाय अजून. पिकू द्या. मले कुठी घाई हाय?"

कच्चं आणि पिकलं. तिच्या जगात कापडाच्या या दोनच जाती. "कापूस झाडावर एकदा पिकते, अन् अंगावर दुसऱ्यांदा," असं ती म्हणायची. नवं कापड म्हणजे कच्चा आंबा. ते घामात, उन्हात, धुण्याच्या दगडावर वर्षानुवर्षं पिकलं की मगच गोधडीत जायच्या लायकीचं. त्यामुळे माणसं तिला माणसं दिसतच नसत. कापड पिकवायला ठेवलेली झाडं दिसत. गल्लीतल्या एका आजोबांनी तर मरण्याआधी मुलांना बोलावून शेताचं सांगितलं, बैलांचं सांगितलं आणि म्हणाले, "अन् धोतर बेबीले द्या. लय दिवसांची थांबून हाय."

लग्नात आहेर देताना नवरदेवाच्या खांद्यावर ती हात ठेवायची. त्याला वाटायचं म्हातारी आशीर्वाद देते आहे. ती झब्ब्याचं सूत बघत असायची. मार्कंड्याच्या जत्रेला दरवर्षी जायची, पण देवळात शिरताना तिला कोणी पाहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "देव तं तिथंच राह्यते, कुठी जाते? पन सारा जिल्हा कपडे घालून एका जागी येते का कधी? पाहून घ्यावं लागते ना बाप्पा."

मी बसवर कंडक्टर होतो. जन्मभर खाकी घातली. माझा गणवेश तिनं कधीच मागितला नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचं वाईट वाटायचं. शेवटी निवृत्त झाल्यावर मीच दोन जोड घेऊन गेलो. तिनं कापड चोळून पाहिलं आणि परत केलं. "नोको जी, कंडक्टर भाऊ. सुई मोडते. सरकारी कापड पिकतच नाई, ते सिधं फाटते."

दुपारी समाजमंदिराच्या ओसरीवर तिची बैठक भरायची. कोणाचीही गोधडी असो, ती जमिनीवर पसरायची आणि चारही बाजूंनी बायका बसायच्या. कडेपासून धावदोरा घालत घालत सगळ्याजणी मधे यायच्या. ही गोधडी विकायची नाही आणि शिवायची मजुरी घ्यायची नाही. नुसती हौस. नियम एकच, आणि तो बेबीबाईचा: दुसरीचा टाका वाकडा गेला तर तो उसवायचा नाही. तसाच ठेवून आपण पुढं जायचं. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या विमल सिस्टर त्यात नवीन आल्या तेव्हा त्यांना हे जमेना. त्या इतके बारीक, इतके जवळ जवळ टाके घालायच्या की बेबीबाई ओरडली, "सिस्टर, गोधडी हाय ते, अपेंडिक्स नाई! जरा श्वास घेऊ द्या तिले." अंगणवाडीतली रेखा हसून हसून आडवी झाली. रेखाचा टाका याच्या उलट. एका टाक्यात गडचिरोली गाठायचा.

माझी बायको शकू या बैठकीतली सगळ्यात जुनी. आमच्या दोन्ही मुली, मंगला आणि सुनीता, शाळेतून आल्या की दप्तरं घेऊन तिकडेच पळायच्या. बेबीबाईला त्या मावशी म्हणायच्या. मंगलाच्या केसातल्या उवा आईपेक्षा मावशीनं जास्त काढल्या असतील.

पुढे मुलींची लग्नं झाली, आणि शकू आजारी पडली. उठणं बसणं बंद झालं, तेव्हा बैठकच आमच्या घरी आली. शकूच्या बाजेभोवती या बायका बसायच्या, गोधडीचं एक टोक तिच्या पोटावर असायचं आणि जमेल तेवढे टाके ती पडल्या पडल्या घालायची. ती गोधडी माझ्यासाठी होती. चहा करायचं काम माझं. "कंडक्टर भाऊ, चहा हाय का तलावाचं पानी?" हे रोजचं. शकूच्या हातातली सुई गळून पडायची. शेजारची बाई सुई उचलून पुन्हा तिच्या बोटांत द्यायची. घरात एवढं आजारपण होतं, आणि दुपारभर हसणं चालू असायचं. ते दिवस त्या बायकांनी काढून दिले. मी नुसता चहा केला.

शकू गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी मुलींनी आईची पेटी उघडली. आम्ही बौद्ध, आमच्यात लग्नाला पांढरी साडी असते. शकूची रेशमी होती, निळ्या काठाची, नागपूरहून आणलेली. दोघींनाही तीच हवी होती, आणि ती पेटीत नव्हती.

"आई मले देतो म्हने," मंगला म्हणाली.

"म्हनूनच तू आधीच नेली वाटते!"

"मी नेली? माही बॅग पाहाची हाय का तुले?"

"पाहू दे मग!"

आणि सुनीतानं खरंच बॅग उलटी केली. आईला जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. दोघी एकमेकींना जे बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही. मंगला चपला घालून निघाली. ती त्या दिवशी गेली असती तर परत आली नसती, हे मला दिसत होतं. तिला थांबवायचं कसं, ते कळेना. मी म्हणून गेलो, "काऊन भांडून राह्यल्या? बेबीबाईनं नेली असंन. इथीच बसून राहे ना दिवसभर. तिची नजर तं तुमाले माहीत हाय."

मंगलानं चपला काढल्या.

असं बोलायला फार अक्कल लागत नाही. लोकांच्या कपड्यांवर डोळा ठेवणारी बाई, हे सगळ्या गावाला ठाऊकच होतं. ज्या गोष्टीवर आम्ही इतकी वर्षं हसलो तीच मी वापरली.

पुढचं मला सुनीतानं सांगितलं. दोघी ओसरीवर गेल्या आणि सगळ्यांसमोर विचारलं. बेबीबाईनं हातातली सुई कापडात टोचून ठेवली. मग म्हणाली, "घर उघडं हाय. पाहून घ्या पोरीहो." विमल सिस्टर मधे पडल्या, तर त्यांनाही तिनं हातानं थांबवलं. माझ्या मुलींनी तिची गाठोडी सोडून पाहिली. साडी सापडली नाही. घरात नाही म्हणजे विकली असेल, असं ठरलं. मी घरीच बसून होतो.

मुली जाताना हातात हात घालून बसमध्ये चढल्या.

गावात बभ्रा झाला. बेबीबाई गल्लीतून निघाली की एखादी टवाळ बाई दोरीवरचे कपडे हसत हसत काढून घ्यायची. सिस्टर आणि रेखा तिच्याकडे जात राहिल्या, बैठक चालू राहिली, पण माझ्या घरी चहाला कोणी आलं नाही. आणि बेबीबाईनं कोणाचा सदरा धरणं सोडलं. लग्नाला आली तर हात पदरात घेऊन बसायची. लोक म्हणाले, म्हातारी झाली. मी पण मान हलवायचो.

काही हिवाळे गेले. शकूची गोधडी बाजेच्या खिळ्याला अडकून कडेला फाटली. आतलं पांढरं दिसलं. मी बोट घालून थोडं ओढलं, तर निळा काठ.

मी त्या साडीखालीच झोपत होतो.

गोधडी घेऊन बेबीबाईकडे गेलो. ती एकटीच होती. तिनं फाटलेल्या जागी पाहिलं आणि सुईदोरा काढला.

"तुमाले माहीत होतं?"

"मीच लावली ना जी. एका दुपारी, बाकीच्या येयाच्या आधी. एक टोक शकूनं धरलं, एक मी." दाताने दोरा तोडून ती म्हणाली, "शकू म्हने, पोरी दोन अन् साडी एक. देली तं एक रडन, फाडली तं दोघी रडन. त्याहीच्या बापाले लावून दे आतून. वर नोको, आत. जे लाडाचं ते अंगाजवळ."

"मग तेव्हा काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं पोरींनी गोधडी उसवली असती. शकूच्या हातचे टाके होते." मग म्हणाली, "अन् पोरी बोलून राह्यल्या होत्या ना एकमेकीसंग. राहू दे म्हनलं."

मी तोंड उघडलं. "बेबीबाई, त्या दिवशी मी..."

"दोरा ओवून द्या," ती म्हणाली. "मले दिसत नाई आता."

मी दोरा ओवून दिला. तिनं टाके घातले. उठताना तिनं दाराआडून एक कापडी पिशवी काढली, आणि दुसरीकडे पाहत विचारलं, "मंगलाले पोरगं झालं म्हने. कोनावर गेलं जी?"

"मंगलावरच. नाक तं सारं तिचं."

"नाक पुसाची नाई ती. फ्रॉकच्या बाहीले पुसे." ती एकटीच हसली. पिशवीत एक लहानसं दुपटं होतं. मऊ, कडेला रंगीत तुकड्यांचे त्रिकोण लावलेलं. "हे नेऊन द्या. कोनाले मागतलं नाई बाप्पा, माह्याच लुगड्याचं हाय. अन् माहं नाव नोका सांगू. बाजारातून आनलं म्हना. नाई तं मंगला ठेवाची नाई."

गडचिरोलीला मंगलाच्या घरी मी ते दुपटं दिलं. तिनं गालाला लावून पाहिलं. "बाबा, किती मऊ हाय! कुठी भेटलं?"

तिथे सांगायला हवं होतं. सुनीताही आली होती त्या दिवशी. दोघी बहिणी बाळावर वाकून हसत होत्या. मी म्हणालो, "बाजारात."

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की निदान बेबीबाईला तरी म्हणायचं. एक वाक्य मनात जुळवलं आणि चामोर्शी येईपर्यंत म्हणत आलो. चाळीस वर्षं बसमध्ये ओरडून बोललेला माणूस मी. एक वाक्य काय जड? ओसरीवर सगळ्याजणी होत्या. बेबीबाईनं मला पाहिलं आणि म्हणाली, "सरका वं, भाऊले बसू द्या." सिस्टरनी इतक्या वर्षांनी माझ्यासाठी जागा केली. मी बसलो.

"झोपलं का त्याच्यात पोरगं?" बेबीबाईनं हळूच विचारलं.

"झोपलं."

"लवकर झोपलं का रडून रडून?"

"लवकर."

"मंग बरं झालं," ती म्हणाली, आणि तिचा टाका पुढे गेला. रेखानं काहीतरी विनोद केला, सगळ्या हसल्या, मीही हसलो. उद्या सांगू, म्हटलं. असे पुष्कळ उद्या आले. मी त्या ओसरीवर बसायला लागलो, दोरे ओवून द्यायला लागलो, आणि ते वाक्य काही निघालं नाही. या उन्हाळ्यात बेबीबाई गेली. शोकसभेत शेजारी म्हणून मला बोलायला उभं केलं. बाई फार कष्टाळू होत्या, असं बोलून मी खाली बसलो.

हे छापायला देण्याआधी मी मुलींना बोलावून सगळं सांगितलं. सुनीता रडली. मंगला उठून बाळाजवळ जाऊन बसली, आणि अजून माझ्याशी नीट बोलत नाही. ते मला मान्य आहे. गावानंही आता ऐकावं: साडी बेबीबाईनं नेली नव्हती.

बसमध्ये जुळवलेलं वाक्य तसं साधंच होतं. बेबीबाई, तुम्ही साडी नेली नाही हे मले तेव्हाच माहीत होतं. माह्या पोरी तुटून राह्यल्या होत्या, अन् तुमचं नाव घेणं सोपं होतं. माहं चुकलं जी.